आत्याच्या ट्रंका आणि चार नाना

पत्र:

"नमस्कार. आम्ही मूळचे कोकणातले, पण पाच पिढ्या बडोद्यातच. दांडिया बाजारातल्या जुन्या घरात आमची थोरली आत्या एकटी राहायची. चैत्रात ती गेली. घर आता पाडायला द्यायचं ठरलंय. माळ्यावरून दोन ट्रंका काढल्या, दोन्ही फोटोंनी भरलेल्या. पुठ्ठ्यावर चिकटवलेले जुने फोटो, काळ्या पानांचे तीन अल्बम, १९८० नंतरचे चिकटपट्टीच्या पानांचे दोन, बिस्किटाच्या डब्यात निगेटिव्ह आणि एका लाकडी खोक्यात काचेच्या निगेटिव्ह. काहींच्या मागे मोडीत लिहिलंय. आत्या मला म्हणाली होती, 'हे तू सांभाळ.' तेवढंच. पुण्याचा चुलतभाऊ म्हणतो, सगळं स्कॅन कर आणि कागद नदीत सोड. त्याच्या बहिणीला तिच्या आईचे सगळे फोटो हवेत. माझ्या सख्ख्या भावाला सयाजीराव महाराजांबरोबरचा हीरक महोत्सवाचा ग्रुप फोटो दुकानात लावायचाय. मी मांजलपूरला दोन खोल्यांत राहते. त्यात एक फोटो पणजोबांचा, ते गेल्यानंतर काढलेला. सासूबाई म्हणतात, असला फोटो घरात नको. आणि एका फोटोतली बाई कात्रीने कापून काढलीय. आमच्यात आता जुनं माहीत असणारं कुणी नाही, कारेलीबागेतल्या धाकट्या काकू सोडल्या तर. त्या ८८ वर्षांच्या आहेत. मी काय करू? की हा सगळा माझा उगाच जीव अडकलाय?"

उत्तर:

ताई,

तुम्ही बरंच काही विचारलंत, पण सगळ्यांत तातडीची गोष्ट प्रश्न म्हणून आलीच नाही. काकू ८८ वर्षांच्या आहेत, हे तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय. सुरुवात तिथून करा. ट्रंका थांबतील.

जुना ठेवा हाती आला की माणूस सगळ्यांत जुनी वस्तू आधी उचलतो. फोटोंच्या बाबतीत हे उलटं करायचं. जे आधी नाहीसं होणार आहे त्याला आधी हात घालायचा. तुमच्याकडे पहिला नंबर काकूंच्या आठवणीचा, मग १९८० नंतरच्या रंगीत फोटोंचा, मग डब्यातल्या निगेटिव्हचा. पुठ्ठ्यावरचे पगडीवाले पूर्वज सगळ्यांत शेवटी. ते शंभर वर्षं टिकलेत, आणखी वर्षभर टिकतील.

काकूंकडे जाताना ट्रंक नेऊ नका. ढीग पाहिला की म्हातारं माणूस दमतं, आणि मग प्रत्येक फोटोला "असेल कुणीतरी" एवढंच ऐकू येतं. पंधरा-वीस फोटो निवडा, मोबाइलवर साधे टिपून घ्या आणि कुणाच्या तरी टॅबलेटवर मोठे करून दाखवा. दुपारच्या चहानंतरची वेळ बरी. फोनवर आवाज रेकॉर्ड करा, मात्र त्यांना आधी सांगून. "हे कोण?" असा सवाल पहिल्यांदा करू नका, ती परीक्षा होते. "हा हिंचका कुठल्या घरातला?", "ही पैठणी पुढे कुणाकडे गेली?" असं विचारा. वस्तू आठवली की माणसं तिच्यामागून आपोआप येतात. आणि जे सांगतील ते डावीकडून उजवीकडे, रांगेप्रमाणे लिहा. "मधला तो" हे आज तुम्हाला कळतंय, तुमच्या नातीला कळणार नाही.

आता नावांचं. आपल्या घरांत हा खरा घोळ असतो. काकू सांगतील, "हे नाना, या माई, मागे उभे ते बापू." तुम्ही श्रद्धेने लिहून घ्याल आणि महिन्याभराने वहीत चार नाना उभे असतील: काकूंचे सासरे नाना, त्यांचे दीर नाना, माहेरचे एक नाना आणि शेजारचे देशपांडे नाना, जे प्रत्येक फोटोत का आहेत हे कुणालाच ठाऊक नाही. म्हणून हाकेच्या नावापुढे पूर्ण नाव लिहा, आणि ते तुमचे कोण ते नको, कुणाचे कोण ते लिहा. बायकांच्या बाबतीत तर दुप्पट काम आहे. लग्नात नाव बदलायचं, त्यामुळे परकरातली चंपू आणि नऊवारीतली रमाबाई ही एकच मुलगी असू शकते. माहेरचं नाव, सासरचं नाव, दोन्ही आडनावं, चारही लिहा. हे केलं नाही तर पन्नास वर्षांनी तुमच्या कुळात पुरुषांना नावं असतील आणि बायकांना फक्त साड्या.

यासाठी एक जाडसर वही करा. प्रत्येक फोटोला एक क्रमांक. तोच क्रमांक फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, कोपऱ्यात, अगदी हलक्या हाताने. बॉलपेन नको, त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. ऐंशीच्या दशकातल्या गुळगुळीत पाठीच्या फोटोंवर पेन्सिल उठत नाही, त्यांचा क्रमांक पाकिटावर लिहा. आणि वहीत एक रकाना "कुणी सांगितलं" याचा ठेवा. काकूही चुकू शकतात. उद्या पुण्याहून कुणी म्हणालं की ती रमाबाई नव्हेच, तर दोन्ही मतं नोंदवा आणि भांडण वहीतच राहू द्या.

मोडीतल्या ओळींचा मोबाइलवर स्वच्छ फोटो काढून मोडी जाणणाऱ्याला पाठवा. बहुतेक वेळा तिथे नाव, गाव, तिथी किंवा नुसता "फोटो मागवला, दाम दिले" असा हिशेब निघतो. तोही कामाचा. काळ ठरवायला फोटोच पुष्कळ मदत करतो. पुठ्ठ्याच्या खाली स्टुडिओचं नाव-गाव छापलेलं असतं, म्हणून पुठ्ठा कितीही कुरतडलेला असला तरी कापून सारखा करायचा नाही. कंगोरेदार कडांचा छोटा फोटो दिसला तर तो बहुधा १९३० ते १९६० च्या दरम्यानचा. छातीवर बडोदा संस्थानचा बिल्ला असेल तर १ मे १९४९ च्या आधीचा, कारण त्या दिवशी संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. आधी पगड्या दिसतात, मग टोप्या येतात, मग डोकी उघडी होतात. तुमच्या ट्रंकेत हा सगळा प्रवास असणार.

काकूंचं काम आत्ता, पावसाळ्यातही चालेल. ट्रंका उपसायचं काम मात्र दसऱ्यानंतर काढा आणि होळीच्या आत संपवा. बडोद्याच्या दमट हवेत जुन्या फोटोचा चिकट थर फुगतो, फोटो एकमेकांना धरतात आणि बुरशीला आमंत्रण मिळतं. कोरड्या महिन्यांत तेच काम सुखाने होतं.

सगळ्यांत आधी त्या चिकटपट्टीच्या अल्बमांचा समाचार घ्या. वर पारदर्शक प्लास्टिक, खाली गोंदाच्या रेघा असं पान, तेच ना? त्या काळी ही मोठी चैन होती आणि फोटोंसाठी ते विष आहे. गोंद पिवळा पडतो आणि फोटो कायमचा धरून ठेवतो. प्लास्टिकमधून निघणारी वाफ रंग खाते ते वेगळंच. त्यात रंगीत फोटोंचे रंग मुळात कच्चे, अंधारात ठेवले तरी उडतात. १९८४ च्या लग्नातला शालू आज गुलाबी दिसतोय, पण तो गुलाबी असेलच असं नाही. आधी प्रत्येक पान आहे तसं स्कॅन करा, कारण कुणाशेजारी कुणाला लावलं हीसुद्धा आत्याची करणी आहे. मग फोटो सहज निघत असेल तरच काढा. बोटाने कोपरा उचकटू नका. दात साफ करायचा बिनमेणाचा दोरा फोटोच्या मागून हळूहळू करवतीसारखा फिरवा. तरी नाही निघाला, तर पानासकट कापून ठेवा. हट्ट करायचा नाही.

बिस्किटाचा डबा उघडताना खिडक्या उघड्या ठेवा. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर त्या अ‍ॅसिटेटच्या, म्हणजे एका जातीच्या प्लास्टिक फिल्मच्या, पट्ट्या कुजायला लागल्यात. त्यांचं स्कॅनिंग पुढे ओढा आणि त्या बाकीच्यांपासून दूर ठेवा. पट्ट्या तपकिरी, चिकट झाल्या असतील आणि वास उग्र असेल, तर जुनी नायट्रेट फिल्म असण्याची शक्यता आहे. ती १९५० च्या आसपासपर्यंत वापरात होती आणि भयंकर पेट घेते. ती बंद डब्यात, उन्हात किंवा देवघराजवळ ठेवायची नाही. कागदी पाकिटात, हवेशीर, गार जागी ठेवा आणि जाणकाराला दाखवल्याशिवाय तिच्याशी खेळू नका.

काचेच्या निगेटिव्हचं मात्र मला फार कौतुक वाटलं. बडोद्यातल्या मराठी घरात त्या निघाव्यात यात नवल नाही. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन ही कला-हुन्नर शिकवणारी संस्था काढली. पुढे चित्रपटमहर्षी झालेले दादासाहेब फाळके फोटोग्राफी शिकले ते तिथेच, आणि मग गोध्र्याला त्यांनी स्टुडिओ थाटला. त्या काळी बडोद्यात कॅमेरा ही काही निव्वळ साहेबाची वस्तू नव्हती. तेव्हा ह्या काचा विकतच्या की घरातच कुणी हौशी होतं, हेही काकूंना विचारायच्या यादीत घाला.

काच कडेला धरूनच उचला. एक बाजू चकचकीत असते, दुसरी जराशी निस्तेज. चित्र त्या निस्तेज बाजूवर असतं, तिला पाणी, कोलीन, ओलं फडकं काही म्हणजे काही लावायचं नाही. चकचकीत बाजूची धूळ कोरड्या मऊ ब्रशने झटका. प्रत्येक काच वेगळ्या कागदी पाकिटात घालून लांब बाजूवर उभी ठेवा. आडव्या रचल्या तर वरच्या काचांच्या ओझ्याने खालच्या तडकतात. पाहायची असेल तर लॅपटॉपवर कोरा पांढरा पडदा लावा, काच त्याच्यापासून चार बोटं वर धरा, मोबाइलने फोटो काढा आणि रंग उलटे करा. पणजीचा चेहरा असा अचानक उजळताना पाहिलात की तुमच्या भावांचे आवाज जरा खाली येतील. चांगलं स्कॅनिंग किंवा डागडुजी करायची वेळ आली तर दुकानात धावण्याआधी महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला शाखेत म्युझिऑलॉजी विभागात विचारून पाहा. १९५२ पासून तिथे संग्रहालयशास्त्र शिकवतात. अशी सोय तुमच्याच गावात आहे, ती वापरा.

पुठ्ठ्यावरचे फोटो सोलू नका. ज्या फोटोच्या काळ्या भागावर आरशासारखी रुपेरी झाक आली असेल ती पुसायची नाही, फोटोतलीच चांदी वर आलेली असते. लॅमिनेशन नको, सेलोटेप नको.

ठेवायचं कुठे? माळ्यावर तर नकोच, बडोद्याच्या मे महिन्यात तिथे भट्टी असते. जमिनीवर आणि पलंगाखालीही नको. २०१९ च्या जुलैअखेरीस आणि २०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्री नदीच्या पुराने काय केलं ते तुम्हाला मी सांगायला नको. आतल्या खोलीतल्या लोखंडी कपाटाचा मधला कप्पा उत्तम. फोटो आम्लरहित कागदाच्या पाकिटांत घाला, किंवा पॉलिएस्टर अथवा पॉलिप्रॉपिलीनच्या कव्हरांत. मऊ, नव्या रेक्झिनसारखा वास येणारं प्लास्टिक घेऊ नका. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, ओल धरली की तापवून परत वापरता येतात. डांबरगोळ्या त्याच कप्प्यात नकोत, कडुलिंबाचा ओला पाला तर अजिबात नको. आपल्या आज्या धान्यात घालायच्या, ते धान्य होतं.

आणि फ्रेममधले फोटो. आपल्याकडे पितृपक्षात काचेवर गंध लागतं, हार येतो, ओल्या फुलांचं पाणी फ्रेमच्या फटीतून आत जातं. चार-दोन पितृपक्षांत फोटोला खालून डाग चढत जातो. भिंतीवर छापून घेतलेली प्रत लावा. गंध प्रतीला लागलं तरी पूर्वज रागावत नाहीत. मूळ फोटो काचेला चिकटलेला असेल तर ओढू नका, काचेवरूनच स्कॅन करा.

आता पणजोबा. सासूबाईंना वाईट बोलू नका, असा फोटो पाहून धक्का बसतोच. पण तेव्हा फोटोग्राफरला बोलावणं म्हणजे खर्च आणि सोहळा. कित्येकांचा हयातीत एकही फोटो निघाला नाही. मग गेल्यावर खुर्चीत टेकवून, उपरणं घालून, घरच्यांना भोवती बसवून एकच फोटो काढायचा. त्यात पणजोबांपेक्षा त्यांच्या बाजूला बसलेल्यांकडे पाहा. सगळं घर एकत्र आहे असा तो कदाचित एकमेव फोटो असेल. तो जाळू नका, भिंतीवरही लावू नका. वेगळ्या पाकिटात ठेवा आणि वर स्पष्ट लिहा: "पणजोबा, निधनानंतर." पुढे पाकीट उघडणाऱ्याला दचकायला नको. सासूबाईंना एवढं सांगा की तो बंद आहे, कपाटात आहे आणि कुणी तो मुद्दाम बघत नाही. तरी त्यांना चालत नसेल तर मूळ फोटो एखाद्या नातलगाकडे ठेवायला द्या, तुमच्याजवळ स्कॅन राहील. घरात शांतता हवी, त्यासाठी एक पाकीट हलवलं तर बिघडत नाही.

कापलेल्या बाईबद्दल चारचौघांत विचारू नका. काकू एकट्या असतील तेव्हा फोटो समोर ठेवा आणि गप्प बसा. सांगावंसं वाटलं तर सांगतील. दुसरेपणाचं लग्न, सोडून दिलेली सून, माहेरी परतलेली मुलगी, असलं काहीतरी असेल, किंवा नुसता लॉकेटसाठी चेहरा कापला असेल. हेही होतं आणि आपण उगाच कादंबरी रचतो. जे कळेल ते वहीत लिहा, कुटुंबाच्या ग्रुपवर टाकू नका, निदान काकू आहेत तोवर. आणि एखादा उत्साही भाचा "एआयने भरून काढतो" म्हणाला तर हात जोडा. ते अ‍ॅप कुणाचाही चेहरा तिथे बसवेल आणि पुढच्या पिढीला तीच खरी बाई वाटेल. धूसर चेहरे "सुधारतानाही" तेच होतं, डोळे लखलखीत येतात पण आजोबांचे नसतात. खेळायचं तर प्रतीवर खेळा आणि फाइलच्या नावात तसं लिहा.

वाटणीबद्दल माझं मत कडक आहे. अल्बम फोडायचा नाही. सुटे फोटो आईनुसार, काकांनुसार वाटले की उरतात नुसते चेहरे, घर उरत नाही. मूळ संग्रह एकाच ठिकाणी, तुमच्याकडे. चांगल्या छापलेल्या प्रती सगळ्यांना. तुमच्यानंतर कुणाकडे जाणार तेही आत्ताच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, आत्याने नुसतं तोंडी सांगितलं त्याचा ताप तुम्ही भोगताय. याला एकच अपवाद करीन. त्या चुलतबहिणीकडे तिच्या आईचा एकही मूळ फोटो नसेल, तर सुट्या फोटोंतला एक तिला द्या, स्कॅन आणि नोंद झाल्यावर. आईचा फोटो मागणाऱ्या मुलीला नियम सांगत बसू नये. भावाला मात्र हीरक महोत्सवाची उत्तम प्रत मोठी करून द्या. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली मूळ लावला तर दहा वर्षांत महाराज ओळखू येणार नाहीत.

पुण्याच्या भावाचं सगळंच चूक नाही. ट्रंकेत माणसं नसलेले माउंट अबूचे डोंगर असतील, एकाच बारशाचे सात सारखे फोटो असतील, कुणाचा तरी अंगठा असेल. ते बिनदिक्कत काढून टाका. पण "स्कॅन झालं, कागद सोड" हे हिशेबात बसत नाही. स्कॅन करणारा आज जेवढं पाहतो तेवढंच टिकतं, मागची ओळ, पुठ्ठ्यावरचा छाप, कडेची कात्री राहून जाते. शिवाय २००५ च्या लग्नाची सीडी आज कुणाच्या घरी चालते ते त्यालाच विचारा. कागद नदीत सोडायचाच असेल तर नदीनेही विचार करावा, तिला अगोदरच पुष्कळ झालंय.

त्याला विरोध करण्यापेक्षा कामाला लावा. स्कॅनरची निवड त्याच्याकडे सोपवा. फ्लॅटबेड हवा, म्हणजे ज्याच्या सपाट काचेवर फोटो पालथा ठेवतात तो. सगळं रंगीत मोडमध्ये, ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके), आणि पासपोर्टएवढे फोटो १२०० ला. मूळ फाइल टिफमध्ये, म्हणजे तपशील न गमावता, वाटायला आवळलेली जेपेग. पुढची बाजू आणि मागची बाजू, दोन्ही. फाइलचं नाव वहीतल्या क्रमांकाने सुरू होईल. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचंच तर डॉक्युमेंट म्हणून, नाहीतर फोटो आवळून निम्मा होतो. मग दोन हार्ड डिस्क घ्यायला सांगा, पैसे त्याचेच. एक तुमच्या कपाटात, दुसरी पुण्याला त्याच्याकडे, आणि तिसरी प्रत क्लाउडवर, ज्याचा पासवर्ड तुमच्याशिवाय आणखी एकाला ठाऊक असेल. पुण्याची डिस्क दर दिवाळीला जोडून सगळं उघडतंय का ते बघायचं आणि तुम्हाला कळवायचं, हे काम त्याचं.

तुमचा जीव उगाच अडकलाय का, या प्रश्नाचं उत्तर मी देत नाही, कारण तुम्हालाही ते नकोच आहे. या रविवारी कारेलीबागेत फोन करून काकूंची दुपारची झोप किती वाजता संपते तेवढं विचारा.